इस्तिखारा सात रात्री केला, खूण दिसली नाही

वाचकाचं पत्र:

अस्सलामु अलैकुम. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. आजी-आजोबा त्यांच्या आधीच गेले. घरात आई, मी, धाकटा भाऊ, आणि लग्न झालेली बहीण. वडिलांचं चालू दुकान मी सांभाळतो. भावाला ते विकून मोकळं व्हायचंय, मला चालवायचंय. बहीण काही बोलत नाही आणि आई म्हणते, तिच्या हिश्श्याचं तूर्त काढू नकोस. मोठा म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी सात रात्री इस्तिखारा (निर्णयाआधी अल्लाहकडे भलं मागण्याची नमाज आणि दुआ) करून झोपलो. ना हिरवं दिसलं, ना पांढरं. एका रात्री नुसतं पाणी दिसलं, त्याचा अर्थ लागेना. हिकमत (शहाणपण) मिळावी, निर्णय बरोबर यावा यासाठी कोणती दुआ किती वेळा पढावी? दुकान ठेवू की विकू, बहिणीचा हिस्सा आत्ता द्यावा की थांबावं? माझ्यासाठी तुम्ही इस्तिखारा कराल का?

उत्तर:

वअलैकुम अस्सलाम.

बहिणीच्या हिश्श्यापासून सुरुवात करू. तुम्ही तो प्रश्न इस्तिखाऱ्यात घातलाय आणि तो तिथे बसत नाही. जे फर्ज (बंधनकारक) आहे ते करू की नको, असा इस्तिखारा नसतो. जे हराम आहे त्याचाही नसतो. इस्तिखारा असतो तो जायज गोष्टींत, जिथे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत आणि आपल्याला पुढचं दिसत नाही. वारसाचे हिस्से सूरह निसाच्या 11 आणि 12 या आयतींत ठरवून दिलेले आहेत. त्यात तुमच्याकडून मत मागितलेलं नाही, भावाकडूनही नाही आणि आईकडूनही नाही.

हिशेब असा होतो. मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च जातो. मग वडिलांची देणी. आईचा मेहर (लग्नात पतीने पत्नीला द्यायचं ठरवलेलं धन) द्यायचा राहिला असेल तर तोही देणंच आहे, वाटणीच्या आधी तो आईला मिळायला हवा. घराघरांत हे सर्रास विसरलं जातं. त्यानंतर वसीयत (मृत्युपत्र) केलेली असेल तर ती, पण उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसांपैकी कोणाच्या नावाने नाही. यानंतर जे उरेल त्याचे 40 भाग करा. मुलं असल्यामुळे आईला आठवा हिस्सा, म्हणजे 5 भाग. राहिलेल्या 35 भागांत मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात तुम्हाला 14, भावाला 14, बहिणीला 7. हा हिशेब फक्त दुकानाचा नाही, वडिलांनी मागे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीचा आहे. वारस तुम्ही लिहिलेत तेवढेच आहेत ना, हे एकदा एखाद्या आलिमसमोर (धर्माच्या जाणकारासमोर) तपासून घ्या. एक नाव वाढलं की सगळे आकडे बदलतात.

आईचं म्हणणं मायेपोटी असेल. पण बहीण बोलत नाही याचा अर्थ तिने सोडून दिलं असा होत नाही. मनापासून राजी असल्याशिवाय कोणाचा माल घेणं हलाल नाही, ही हदीस (प्रेषितांचं वचन) मुस्नद अहमद या संग्रहात आहे. भिडेपोटी गप्प बसणं वेगळं आणि मनापासून राजी असणं वेगळं. म्हणून आधी तिचे 7 भाग तिच्या नावावर आणि तिच्या ताब्यात जाऊ द्या. त्यानंतर तिला भावांना काही परत द्यावंसं वाटलं तर तो तिचा प्रश्न. ताबा मिळण्याआधीच तिची सही घेऊन मोकळं होणं म्हणजे तिला नाही म्हणायची जागाच न ठेवणं.

हे बाजूला काढलं की तुमचं ओझं अर्ध्यावर येईल. उरतं ते एवढंच: दुकान ठेवायचं की विकायचं. इथे इस्तिखारा आहे, मशवरा (सल्लामसलत) आहे आणि हिकमतीची दुआही आहे.

आता सात रात्रींबद्दल. इस्तिखाऱ्याची हदीस हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आली आहे. प्रेषित (स.) आम्हाला सगळ्या कामांत इस्तिखारा करायला असं शिकवत, जशी कुरआनातली सूरह शिकवावी, असं ते सांगतात. या हदीसमध्ये झोपण्याचा उल्लेख नाही, स्वप्नाचा नाही, रंगाचा नाही. हिरवं-पांढरं म्हणजे होकार आणि काळं-लाल म्हणजे नकार, हे हदीसमधून आलेलं नाही. सात वेळा करण्याची एक रिवायत (कथन) आहे, पण तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, फारच कमजोर असल्याचं हदीसचे विद्वान हाफिज इब्न हजर यांनी म्हटलं आहे. पुन्हापुन्हा करायला मात्र हरकत नाही. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्यापुढे काबा नव्याने बांधायचा की डागडुजी करायची हा प्रश्न होता, तेव्हा त्यांनी आधी लोकांचं मत विचारलं. इब्न अब्बास (रजि.) यांनी त्यांच्या मनाविरुद्ध मत दिलं, तेही ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी माझ्या रबकडे तीन वेळा इस्तिखारा करीन आणि मग ठरवीन. सहीह मुस्लिममध्ये हे आहे. क्रम लक्षात घ्या: विचारपूस, इस्तिखारा, निर्धार. तुमच्या सात रात्रींत पहिली पायरी राहिली आणि तिसरीपर्यंत तुम्ही आलाच नाहीत. मधल्याच पायरीवर बसून पाण्याचा अर्थ शोधत राहिलात.

दुआचे शब्द एकदा नीट वाचले तर स्वप्नाची वाट का बघायची नसते ते आपोआप कळतं. देवनागरीत ते साधारण असे:

अल्लाहुम्मा इन्नी अस्तखीरुका बिइल्मिका, व अस्तक्दिरुका बिकुदरतिका, व अस्अलुका मिन फज्लिकल अजीम. फइन्नका तक्दिरु वला अक्दिरु, व तअ्लमु वला अअ्लमु, व अन्ता अल्लामुल गुयूब. अल्लाहुम्मा इन कुन्ता तअ्लमु अन्ना हाजल अम्रा खैरुन ली फी दीनी व मआशी व आकिबति अम्री, फक्दुर्हु ली व यस्सिर्हु ली, सुम्मा बारिक ली फीह. व इन कुन्ता तअ्लमु अन्ना हाजल अम्रा शर्रुन ली फी दीनी व मआशी व आकिबति अम्री, फस्रिफ्हु अन्नी वस्रिफ्नी अन्हु, वक्दुर लियल खैरा हैसु काना, सुम्मा अर्जिनी बिह.

अरबीचे काही उच्चार देवनागरीत उतरत नाहीत. ऐन, हा, जाद यांसारखी अक्षरं अरबी येणाऱ्याकडून एकदा म्हणवून घ्या. अर्थ असा: हे अल्लाह, तुझ्या ज्ञानाच्या आधाराने मी तुझ्याकडे भलं मागतो, तुझ्या सामर्थ्याच्या आधाराने सामर्थ्य मागतो, तुझ्या मोठ्या कृपेतून मागतो. तुला शक्य आहे, मला नाही. तू जाणतोस, मी जाणत नाही. सारं गुप्त तूच जाणतोस. हे काम माझ्या दीनसाठी, माझ्या जगण्यासाठी आणि माझ्या शेवटासाठी भलं असल्याचं तुझ्या ज्ञानात असेल, तर ते माझ्या नशिबी कर, सोपं कर आणि त्यात बरकत दे. ते वाईट असल्याचं तुझ्या ज्ञानात असेल, तर ते माझ्यापासून वळव आणि मला त्याच्यापासून वळव. भलं जिथे असेल तिथे ते माझ्या नशिबी कर आणि मला त्यावर राजी ठेव.

यात ‘मला दाखव’ असं कुठेही नाही. ‘सोपं कर’ आहे आणि ‘वळव’ आहे. म्हणजे उत्तर येतं ते कामाच्या चालीतून, आणि काम चाललंच नाही तर ते सोपं होणार कसं आणि वळणार कसं? ‘ते माझ्यापासून वळव आणि मला त्याच्यापासून वळव’ असं दोन बाजूंनी मागितलंय, तेही पाहण्यासारखं आहे. वस्तू हातची गेली पण मन तिथेच अडकून राहिलं, तर माणूस वर्षानुवर्षं हळहळतो. शेवटचं ‘राजी ठेव’ त्यासाठीच.

करायची पद्धत साधी आहे. वुजू करा, म्हणजे नमाजसाठी हात-तोंड-पाय धुवा. फर्ज नमाज सोडून वेगळ्या दोन रकात (नमाजच्या फेऱ्या), इस्तिखाऱ्याच्या नियतीने. इमाम नववी यांनी पहिल्या रकातीत सूरह काफिरून आणि दुसरीत सूरह इख्लास पढणं पसंत केलं आहे. दुसरी कोणतीही सूरह पढली तरी नमाज होते. सलाम फेरल्यावर (नमाज संपवल्यावर) अल्लाहची स्तुती, दरूद (प्रेषितांसाठीची दुआ) आणि मग वरची दुआ. पाठ नसेल तर कागदावर बघून म्हणा. ‘हाजल अम्रा’ म्हणजे ‘हे काम’. हे शब्द दोनदा येतात आणि तिथे कामाचं नाव घ्यायचं असतं. हदीसमध्येच तसं सांगितलेलं आहे. घोळ बहुतेक इथेच होतो. ‘दुकानाचं काय करू’ हे काम नव्हे, तो प्रश्न आहे. ‘भावाचे आणि बहिणीचे भाग विकत घेऊन दुकान मी चालवणं’ हे काम आहे. दोन पर्याय एकत्र बांधून मागू नका. जो पर्याय विचारांती पुढे आलाय त्याचं नाव घ्या. तो वळला तर पुढच्याचा इस्तिखारा करा.

वेळ रात्रीचीच हवी असं नाही. मात्र नफ्लला (ऐच्छिक नमाजला) मनाई असलेल्या वेळा टाळा: पहाटेच्या फज्रनंतर सूर्य चांगला वर येईपर्यंत, म्हणजे उगवल्यावर पंधरा-वीस मिनिटं जाईपर्यंत, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, आणि दुपारनंतरच्या असर नमाजनंतर सूर्यास्तापर्यंत. घाई असेल आणि वेळ मनाईची असेल, तर नमाजशिवाय नुसती दुआ करता येते. पाळीच्या दिवसांत स्त्रियांनाही तसंच करता येतं. हे तुमच्या बहिणीला सांगा, कारण तिच्या 7 भागांचं काय करायचं याचा इस्तिखारा तिलाही करावासा वाटेल.

नंतर मनाचा कल पाहावा का? इमाम नववी म्हणतात, मन ज्यासाठी उघडेल ते करावं. इब्न हजर यांनी बुखारीच्या भाष्यात त्याला एक अट जोडली: इस्तिखाऱ्याच्या आधीपासून ज्याची तीव्र ओढ होती, त्यावर मन उघडलं म्हणून विसंबू नये. तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय की तुम्हाला दुकान चालवायचंय. म्हणजे उद्या नमाजनंतर ‘दुकान ठेवावं’ असं वाटलं, तर तो जुनाच आवाज असण्याची शक्यता जास्त. हात जोडण्याआधीच निकाल लिहून ठेवायचा आणि मग वरून शिक्का मागायचा, हा इस्तिखारा नव्हे. दुआला उभं राहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ते वळलं तर मला चालेल का? उत्तर ‘नाही’ येत असेल तर त्या दिवशी आधी तेवढंच मागा, की माझं मन या कामात अडकलंय ते सोडव.

आता मशवरा. सूरह आले-इमरानच्या 159व्या आयतीत प्रेषितांना (स.) सांगितलंय की त्यांच्याशी कामात मशवरा करा, आणि निर्धार केला की अल्लाहवर भरवसा ठेवा. ज्यांच्याकडे वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, येते, त्यांनाच लोकांना विचारायला सांगितलं. सल्ला कोणाचा घ्यायचा? ज्याला त्या धंद्याची जाण आहे आणि ज्याचा तुमच्या वाटणीत काडीचाही फायदा नाही, त्याचा. तुमच्या बाबतीत अशी तीन माणसं लागतील: दुकानाची किंमत आणि खरा नफा काढू शकणारा हिशेबनीस, वारसाचे मसले जाणणारा आलिम, आणि घरातल्या सगळ्यांना मान्य असलेला एखादा वडीलधारा. ज्याच्याकडे सल्ला मागितला तो अमानतदार असतो, अशी हदीस आहे. पण त्याला अर्धंच सांगितलं तर त्याची अमानत काय कामाची? बहिणीचा विषय लपवून ‘दोघा भावांत वाद आहे’ एवढंच सांगितलं, तर मिळणारा सल्ला दोघा भावांचाच असेल. आणि चौघांना विचारून ज्याचं मत आवडलं तेवढंच धरणं म्हणजे मशवरा नव्हे, ती खरेदी झाली.

हिशेबनीस आणि आलिम दोघांना मिळून एक प्रश्न जरूर विचारा. ही दोन वर्षं दुकान तुम्ही चालवलंत, माल मात्र चौघांचा होता. नफ्यात इतरांचं किती आणि तुमच्या मेहनतीचं किती? हे आत्ता ठरलं नाही, तर वाटणीच्या दिवशी याच्यावरूनच आवाज चढतील.

यापुढचं जरा कडू आहे. तुम्ही या प्रकरणात न्याय करायला बसलाय, पण तुम्ही एक पक्षकारही आहात. मोठेपणाने ते बदलत नाही. सूरह निसाच्या 135व्या आयतीत न्यायावर ठाम उभं राहायला सांगितलंय, मग ते स्वतःच्या किंवा आईवडील-नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. त्यामुळे किंमत तुम्ही ठरवू नका, तिसऱ्याला ठरवू द्या. तुम्हीच विकत घेणारे असाल तर हे आणखी गरजेचं.

हिकमत मागण्यासाठी सगळ्यात नेमकी शिकवण हजरत अली (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. प्रेषित (स.) यांनी त्यांना यमनला काझी (न्यायाधीश) म्हणून पाठवलं. ते म्हणाले, मी तरुण आहे आणि मला न्यायनिवाडा माहीत नाही. तुमची तक्रारही थोडीफार हीच आहे. त्यांना उत्तर मिळालं की अल्लाह तुझ्या हृदयाला वाट दाखवील आणि तुझी जीभ स्थिर ठेवील. पण अबू दाऊदमधली हदीस तिथे थांबत नाही. लगेच पुढे आहे: दोन पक्ष तुझ्यापुढे बसले की पहिल्याचं जसं ऐकलंस तसं दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नकोस, त्याने निकाल तुला स्पष्ट होईल. आशीर्वाद आणि कामाची रीत एका दमात दिली. हजरत अली म्हणतात, त्यानंतर मला कुठल्या निवाड्यात शंका आली नाही. तुम्ही भावाचं ऐकलंय, निदान भांडताना तरी. आईचं ऐकलंय. बहिणीचं कोणीही ऐकलेलं नाही. तुम्हाला निकाल स्पष्ट का होत नाही, याचं एक साधं कारण इथे आहे.

हे रागात करू नका. काझीने रागात असताना दोघांत निवाडा करू नये, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. उलेमांनी हाच नियम भूक, झोप, चिंता यांनाही लावला, कारण मन थाऱ्यावर नसणं सगळीकडे सारखंच. दिवसभर दुकानात उभं राहून, उपाशीपोटी, रात्री अकराला भावाशी बोलायला बसलात तर जे होतं ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आता तुम्ही विचारलेल्या दुआ. कुरआन आणि हदीसमध्ये ज्याला आपण सरसकट शहाणपण म्हणतो त्याला वेगवेगळे शब्द आहेत, आणि कशाची उणीव आहे ते कळलं की काय मागायचं तेही कळतं. इल्म म्हणजे माहिती, ज्ञान. ते कमी असेल तर ‘रब्बि जिद्नी इल्मा’ (सूरह ताहा, 114). या आयतीत आधी घाई करू नकोस असं सांगितलंय आणि लगेच ही दुआ शिकवलीय. माहिती आहे पण निवाडा करता येत नाही, तिथे हजरत इब्राहीम यांची दुआ: ‘रब्बि हब ली हुक्मन व अल्हिक्नी बिस्सालिहीन’ (सूरह शुअरा, 83), म्हणजे मला निर्णयशक्ती दे आणि मला सज्जनांत सामील कर. नुसती हुशारी मागितलेली नाही, सोबतही मागितलीय. काय बरोबर ते दिसतंय पण मन तिकडे वळत नाही, ही रुश्दची उणीव. तिच्यासाठी तिर्मिजीतली छोटी दुआ आहे: ‘अल्लाहुम्मा अल्हिम्नी रुश्दी व अइज्नी मिन शर्रि नफ्सी’, माझ्या मनात योग्य ते घाल आणि माझ्याच नफ्सच्या (आतल्या वासनांच्या) वाइटापासून मला वाचव. ‘बहिणीचं नंतर बघू’ हा विचार ज्या कोपऱ्यातून येतो, त्याच्यावर ही दुआ थेट जाते.

कामात हात घातलाय आणि पुढची वाट दिसत नाही, तेव्हा गुहेतल्या तरुणांची दुआ: ‘रब्बना आतिना मिन लदुन्का रहमतन व हय्यि लना मिन अम्रिना रशदा’ (सूरह कहफ, 10). जे बरोबर वाटलं त्यासाठी घर सोडून ते गुहेपर्यंत आले आणि मग पुढचं मागितलं. बोलताना जीभ अडखळते किंवा जास्तच चालते, त्यासाठी हजरत मूसा यांची ‘रब्बिश्रह ली सदरी’ (सूरह ताहा, 25 ते 28), भावासमोर बसण्याआधी.

रोज एकच करायची असेल तर सहीह मुस्लिममधली दोन शब्दांची करा. ती हजरत अली यांनाच शिकवलेली आहे: ‘अल्लाहुम्महदिनी व सद्दिदनी’, मला वाट दाखव आणि मला नेमकं ठेव. शिकवताना सांगितलं, की हिदायत म्हणताना वाटेवर चालणं आठव आणि सदाद म्हणताना बाणाचा सरळपणा आठव. दुआ करताना डोळ्यासमोर काय आणायचं हेही सांगितलेलं आहे, असं फार थोड्या दुआंत सापडतं. वाट बरोबर असून नेम चुकतो. हिस्सा द्यायचा हे पक्कं, पण किंमत कमी धरली तर बाण बाजूला गेला.

किती वेळा, याला ठरलेला आकडा नाही. प्रेषित (स.) दुआ तीन वेळा म्हणत, हे मुस्लिममध्ये आहे, तेवढं पुरे. 313 किंवा 1100चा जप हदीसमध्ये या कामासाठी सांगितलेला नाही. मोजण्यातच लक्ष गेलं तर मागणं राहून जातं. जागा मात्र निवडता येतात. सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवलेलं असताना) बंदा रबच्या सगळ्यात जवळ असतो, तिथे हदीसमधल्या दुआ म्हणा. रुकूत (कमरेतून वाकलेलं असताना) आणि सजद्यात कुरआन पढायला मनाई आहे, म्हणून कुरआनातल्या दुआ शेवटच्या बैठकीत दरूदनंतर, सलामच्या आधी ठेवलेल्या बऱ्या. हनफी मतानुसार नमाजच्या आत अरबीच हवी. सलामनंतर आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, आकड्यांसकट मागा.

दुआसाठी रात्रीचा शेवटचा तृतीयांश निवडतात, तो काढायचा तर सूर्यास्तापासून फज्रपर्यंतचे तास तीनने भागा. सूर्यास्त 6.30ला आणि फज्र 5ला असेल तर रात्र साडेदहा तासांची, एक भाग साडेतीन तासांचा, म्हणजे शेवटचा भाग 1.30 पासून. त्यासाठी दीडलाच उठायला पाहिजे असं नाही. फज्रच्या वीस मिनिटं आधी उठलात तरी त्याच भागात आहात. हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) रात्रीची नमाज ज्या दुआने सुरू करत, तिच्यात जिब्रील, मीकाईल आणि इस्राफील यांच्या रबला हाक आहे आणि मागणं असं आहे: लोक ज्यात मतभेद करतात, त्यात तुझ्या हुकमाने मला सत्याकडे ने. ज्यांच्यावर वही उतरत होती, ते हे रोज मागत.

दुआला घाई लागली की ती बिघडते. ‘मी मागितलं पण कबूल झालं नाही’ असं म्हणेपर्यंत माणसाची दुआ कबूल होत असते, असं हदीसमध्ये आहे. त्याचबरोबर ‘तुला वाटलं तर दे’ असंही म्हणू नये, ठामपणे मागावं.

हिकमतीचा निकाल कसा दिसतो, याचं उदाहरण सूरह अंबियाच्या 78 आणि 79 या आयतींत आहे, आणि ते तुमच्या दुकानाला लागू पडतं. लोकांच्या मेंढ्या रात्री एका शेतात शिरल्या. तफसीरमध्ये (कुरआनच्या भाष्यांत) येतं की हजरत दाऊद यांनी नुकसानीपोटी मेंढ्याच शेतमालकाला द्यायला सांगितल्या. हजरत सुलेमान यांनी वेगळं सुचवलं: मेंढ्या काही काळ शेतमालकाकडे राहाव्यात, दूध-लोकर त्याने घ्यावी, मेंढ्यावाल्याने शेत पूर्वीसारखं करून द्यावं, मग ज्याचं त्याला परत. कुरआन म्हणतं, आम्ही सुलेमानला ते समजावलं, आणि निर्णयशक्ती व इल्म दोघांनाही दिलं होतं. मालकी आणि वापर या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या, त्यामुळे कोणाचंच घर बुडालं नाही.

तुमच्याकडेही ‘ठेवू की विकू’ एवढेच दोन पर्याय नाहीत. तिसऱ्याकडून किंमत काढून भावाचे 14 आणि बहिणीचे 7 भाग तुम्ही हप्त्यांनी विकत घेऊ शकता, ते राजी असतील तर. किंवा दुकान चौघांचंच राहील, तुम्हाला चालवण्याचा ठरलेला मोबदला आणि नफा भागांप्रमाणे. आईचे 5 भाग त्यात धरायला विसरू नका. एखादा पर्याय घ्या, पण हप्ते, मुदत आणि रक्कम लिहून, साक्षीदारांसमोर. सूरह बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचं देणं लिहायला सांगितलंय, आणि सख्ख्या भावंडांना त्यातून सूट दिलेली नाही. जिथे राहता तिथल्या कायद्याने लागणारे कागद वेगळे, तेही करा.

शेवटचा प्रश्न, तुमच्यासाठी आम्ही इस्तिखारा करावा का. नाही. हदीसमध्ये शब्द आहेत की तुमच्यापैकी ज्याच्यापुढे काम असेल त्याने दोन रकात पढाव्यात. ‘माझ्या दीनसाठी, माझ्या जगण्यासाठी’ हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघाले तर ते त्याच्या जगण्यासाठी होतील. पैसे घेऊन इस्तिखारा ‘काढून’ देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. दुआ मात्र दुसऱ्यासाठी करता येते. हजरत अलींच्या छातीवर हात ठेवून केलेली इब्न माजामध्ये आहे: अल्लाहुम्महदि कल्बहू व सब्बित लिसानहू, याच्या हृदयाला वाट दाखव आणि याची जीभ स्थिर ठेव. तीच आम्ही तुमच्यासाठी करतो. बहिणीला आधी फोन करा, इस्तिखाऱ्याच्या दोन रकात त्यानंतर.